आधणाच्या घरी गार पाणी

"अगं, कोमट पाण्याला जगात कोण नाही म्हणतं? तू म्हणतेस? मी म्हणतो? तान्ह्या पोराला कोमट, बाळंतिणीला कोमट, म्हाताऱ्याच्या गुडघ्याला कोमट. मग ह्या दोघांनीच काय पाप केलंय?"

"अहो, त्या पाली आहेत."

"पाली नाहीत, न्यूट आहेत. अक्का चार वेळा बजावून गेली, पाल म्हणायचं नाही."

"बरं, न्यूट. मग न्यूट बाळंत झालेत का?"

कानावर टेस्टर खोचलेला, बनियनवर, जेवणाच्या टेबलासमोरच्या खुर्चीत उकिडवा बसलेला हा गृहस्थ काचेच्या टाकीत तापणारी कांडी सोडत होता. कांडी त्याने स्वतः बनवली होती. तिला थर्मोस्टॅट होता, लाल दिवा होता, आणि दिवा लागला की त्याच्या तोंडावर असं समाधान पसरायचं की जणू दिवा त्याच्याच पोटात लागलाय.

ह्या माणसाला सगळी गल्ली आधण म्हणते. एक तर तीस वर्षं लोकांचे गीझर दुरुस्त करतोय. दुसरं कारण तो स्वतःच सांगतो: "दोन मिनिटांत उकळतो, आणि कुणी झाकण काढलं की वाफ सोडून गप्प." ही न्यूटांची हकिगतही तोच सांगतो. शिडीवर चढून, भिंतीवरच्या गीझरच्या पोटात हात घालून, खाली उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला सांगतो, आणि सांगताना स्वतःला एकही चपराक कमी मारत नाही. मी चार घरी ऐकली. चारही वेळा गाढव तोच होता.

न्यूट म्हणजे काय, हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. वीतभरसुद्धा नाही, बोटाएवढा जीव. अंगाने पालीसारखा, पण भावकी बेडकाची. पाठ काळीकुट्ट, पोट नारिंगी, आणि चाल अशी की निवृत्त हेडमास्तर सकाळचे फिरायला निघालेत. आधणाची थोरली बहीण, अक्का, शाळेच्या प्रयोगशाळेत सामान सांभाळायला होती. प्रयोगशाळा बंद पडली तेव्हा सांगाडा एकाने नेला, दुर्बीण दुसऱ्याने नेली, आणि अक्काने हे दोन न्यूट डब्यात घालून घरी आणले. अकरा वर्षं सांभाळले. आता तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. सहा आठवडे लेकीकडे राहायचं, आणि लेकीचं घर चौथ्या मजल्यावर, त्यात दोन मांजरी. न्यूट ठेवायचे कुठे?

राहता राहिला धाकटा भाऊ.

हे राहता राहिला म्हणणं साधं नाही. आधण सात वर्षांचा असताना घरची कोंबडी तेरा अंड्यांवर बसली होती. अक्का तेव्हा बाराची. दोन दिवस मामाकडे जाताना ती भावाला म्हणाली, कोंबडीवर लक्ष ठेव. त्याने ठेवलं. दुसऱ्या दिवशी गारठा पडला, कोंबडी थरथरतेय असं त्याला वाटलं, आणि बिचारीला तेवढीच मदत म्हणून त्याने तेराही अंडी टोपलीत घालून चुलीच्या वैलावर ठेवली. अक्का परत आली तेव्हा अंडी उकडलेली होती आणि कोंबडी रिकाम्या पेंढ्यावर बसून त्याच्याकडे बघत होती. त्या दिवसापासून अक्काचं एक वाक्य घरात कायमचं झालं: "ह्याच्या हाती जिवंत काही देऊ नका." लग्न ठरलं तेव्हा तिने होणाऱ्या भावजयीला बाजूला घेऊन हेच सांगितलं होतं. पोरगी झाली तेव्हा पाळण्याशेजारी ती स्वतः दीड महिना बसून राहिली.

आणि आता तीच अक्का काठी टेकत आली, रिक्षावाल्याकडून टाकी, आतल्या हिरव्या पाणवनस्पतीसकट, टेबलावर ठेववली आणि म्हणाली, "दुसरं कुणी नाही म्हणून तुझ्याकडे."

"म्हणजे विश्वास नाही?"

"विश्वास असता तर हे कशाला लिहिलं असतं?" तिने कागद पुढे केला. दोन्ही बाजूंनी भरलेला, शाळेतल्या ठळक अक्षरात.

आधणाने कागद चौघडी करून शर्टाच्या खिशात टाकला. "अक्का, तीस वर्षं पाण्यात काढली मी. मला तू पाणी शिकवतेस?"

"वाच मात्र."

"वाचतो गं."

शर्ट त्याच दिवशी धुवायला पडला. मशीनमधून निघाला तेव्हा खिशात पांढरा लगदा होता, चांगला घट्ट, सुपारीएवढा. त्याने तो उलगडायचा प्रयत्न केला. 'नका' एवढा एकच शब्द हाती लागला. काय नका, ते काही कळेना.

फोन करून विचारायचं. तीन शब्दांचं काम. पण आधण सांगतो, "मी फोन उचलला, ठेवला. उचलला, ठेवला. पन्नास वर्षांनी बाईने मला जिवंत वस्तू दिली आणि पहिल्या दिवशीच सांगू, की तुझा कागद धुतला? त्यापेक्षा म्हटलं अक्कल चालवू. आता अक्कल चालवायची तर आधी असावी लागते, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही."

तर अक्कल चालली ती अशी. पाणी कोमट हवं, म्हणून कांडी. नळाचं पाणी थेट ओतलं, कारण नळाचं पाणी स्वच्छ. दिवसाला तीन वेळा खायला, कारण आपण तीन वेळा खातो. माशांच्या खाण्याची पुडी आणली. ती पापुद्र्यासारखी पाण्यावर तरंगली, मग बुडाली, मग तळाशी कुजली. न्यूटांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. आणि झाकण. टाकीला अक्काने बारीक जाळीचं झाकण दिलं होतं, वर ठेवायला दगड दिला होता. ते आधणाने बघितलं आणि तो हसला. ज्या भांड्यात पाणी तापतं त्याला वाट ठेवायचीच, हा धंद्याचा पहिला धडा. बंद भांडं तापवणारा माणूस एक तर अडाणी, नाही तर मेलेला. त्याने झाकण चार बोटं सरकवलं, वाफेला.

दोन दिवस न्यूट काचेवर चढत होते. पुढचे पंजे काचेला, नारिंगी पोट बाहेरच्या बाजूला, वर, आणखी वर.

"बघ कसे नाचतायत," आधण म्हणाला. "खूश आहेत."

तिसऱ्या दिवशी सकाळी टाकीत एकच न्यूट होता.

बायको दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. साडेनऊला पोचायचं असतं. त्या दिवशी साडेनऊला ती स्वयंपाकघरात पालथी पडून गॅसच्या टाकीमागे बॅटरी मारत होती. आधण कपाटं सरकवत होता. चपला झटकल्या, चादरी झटकल्या, पिशव्या उलट्या केल्या. उचललेलं पाऊल खाली टेकवायला तो घाबरत होता, न जाणो खाली काय असेल.

"वन्संना काय सांगणार?" बायकोने खालूनच विचारलं.

"पळून गेला म्हणेन."

"कुणाबरोबर?"

शेवटी सापडला तो न्हाणीघराच्या उंबऱ्याशी, फरशी पुसायच्या ओल्या फडक्याच्या घडीत. अंगाला केस, धूळ, साबणाचा चुरा. घरात तेवढी एकच गार आणि ओली जागा होती, आणि ती त्या बोटाएवढ्या जिवाने तीन खोल्या चालून शोधून काढली होती. आधणाने त्याला ओंजळीत घेतला, धुतला, टाकीत सोडला, आणि घामाने डोळे चुरचुरले म्हणून त्याच हाताने डोळा चोळला. न्यूटाच्या कातडीला विष असतं, थोडंसंच, शत्रूपुरतं. डोळा टोमॅटो झाला. 'नका'च्या आधी काय होतं, त्यातलं एक तरी कलम त्याला त्या दिवशी कळलं.

बायकोने टाकीत बोट घातलं आणि काढलं.

"अहो, ह्यात भांडी घासता येतील!"

"तीस अंशच आहे."

"वन्संची टाकी कुठे असायची आठवतंय? जिन्याखाली. दगडी फरशीवर. मी त्या कोपऱ्यात अनवाणी गेले की पाय गार पडायचे. गोड वाटायचं उन्हाळ्यात." तिने ओलं बोट पुसलं. "हा न्यूट फडक्यात का जाऊन बसला? तुम्ही त्यांना शिजवताय हो."

आधण म्हणतो, त्या वेळी त्याला चुलीचा वैल दिसला, टोपली दिसली, आणि ती कोंबडी दिसली. "पन्नास वर्षं गेली, केस गेले, दात गेले. तेवढं एक टिकलंय बघा माझ्यात. थंडी वाजत नसलेल्याला ऊब देणं."

त्याने कांडी काढली. लाल दिवा विझला.

त्याच दिवशी टाकी न्हाणीघराशेजारच्या बोळात, फरशीवर उतरली. बायकोने घरातल्या तिन्ही बादल्या ताब्यात दिल्या, कारण नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून, त्यातलं क्लोरीन उडू देऊन मगच घालायचं, हे तिला दवाखान्यातल्या एका पेशंटने सांगितलं. त्या पेशंटकडे मासे होते, आणि खिडकीत नाव लिहून घेता घेता तिने त्याला पुरता पिळून घेतला. दोन दिवस आंघोळीला घरात फक्त तांब्या उरला. खाण्याचंही तिनेच शोधलं. तिच्याच कुंडीतलं गांडूळ.

"ते कापायचं कशानं?" आधणाने विचारलं.

"माझ्या कात्रीकडे बघाल तर याद राखा."

त्याने वायर कापायच्या पक्कडीने कापलं. तुकडा टाकीत टाकला. न्यूट त्याच्या शेजारून गेला, तुकडा नाकावर आपटला तरी कळलं नाही. मग आधणाला सुचलं, की न्यूटाला पडलेलं दिसत नसावं, हलणारं दिसत असावं. त्याने लांब चिमट्यात तुकडा धरला, पाण्यात हलवला. हलवला. हात भरून आला. थोरला न्यूट वळला, मान वाकडी केली, एखादा सरकारी कागद वाचावा तसा तुकडा वाचला, आणि गप्पकन गिळला.

"खाल्लं!" आधण बोळात असा ओरडला की वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात आली.

पण दुसऱ्याने खाल्लं नाही. जाडी होती ती, पोटाने टप्पोरी. फडक्यात सापडलेली तीच. कोपऱ्यात बसायची आणि पाणी पुन्हा तापलं की काचेवर चढायची. उन्हाळा तोंडावर आलेला. बोळसुद्धा दुपारी तापायचा. बाटल्यांत पाणी गोठवून त्या टाकीत सोडल्या की तासभर बरं, मग परत पंचवीस. सकाळी दोघंही कामाला जाणार. दिवसभर बाटली बदलायला कोण बसणार? अक्का यायला तीन आठवडे होते. रोज ती फोनवर विचारायची, "खातात ना?" आणि आधण म्हणायचा, "खातात की." अर्धं खरं होतं. अर्धा न्यूट-परिवार खात होता.

काय पाहिजे ते त्याला कळत होतं. पाण्यावरून वारा घालणारा छोटा पंखा, आणि पाणी तापलं की आपोआप चालू होणारा थर्मोस्टॅट. घराच्याच रस्त्याकडच्या खोलीत त्याचं दुकान, आणि तिथे थर्मोस्टॅटचे खोके भरून होते. पण गीझरचा थर्मोस्टॅट पाणी तापलं की बंद करतो. त्याला हवा होता तापलं की चालू करणारा. तो मिळतो फ्रिजवाल्याकडे. आणि फ्रिजवाला समोरच होता. समोर म्हणजे दुकानाच्या बरोब्बर समोर, आठ पावलांवर. त्या आठ पावलांवर आधणाने सहा वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं.

फ्रिजवाल्याला आधण बर्फ्या म्हणतो. भांडण पान्ह्यावरून. बर्फ्याने मोठा पान्हा उसना नेला, परत दिला तेव्हा त्याचे दात झिजलेले होते. तो म्हणाला, आधीच झिजलेले होते. हा म्हणाला, माझे झिजले असतील, पान्ह्याचे नव्हते. तेव्हापासून दोघं एकमेकांना पाण्यात बघायचे, एक गरम पाण्यात, एक गार. हा शटर वर करायचा तेव्हा तो पाठ करायचा.

आधण तीन दिवस दारात उभा राहून आठ पावलं मोजत होता. चौथ्या दिवशी जाडी न्यूट काचेवरून घसरून पाण्यात उताणी पडली आणि सरळ व्हायला तिला वेळ लागला. नारिंगी पोट वर. तो तसाच, हातात चिमटा घेऊन, रस्ता ओलांडून गेला.

बर्फ्या एका उघड्या फ्रिजमध्ये डोकं घालून बसला होता. त्याने डोकं काढलं, चिमट्याकडे बघितलं.

"मारामारी करायची तर पान्हा आणायचास. तो तुझ्याकडेच आहे."

"थर्मोस्टॅट पाहिजे. गार करणारा."

"तुला?" बर्फ्या उठलाच. "आधणाला गार? कुणी मेलं का?"

"अजून नाही. म्हणून आलोय."

मग त्याने सगळं सांगितलं. कागद, लगदा, कांडी, फडकं. कोंबडीसुद्धा सांगितली. ती सांगायची गरज नव्हती, पण तोंडाला वाट मिळाली की ह्याची सगळी वाफ निघते. बर्फ्या ऐकत होता. अंड्यांपाशी आला तेव्हा त्याला फ्रिजचं दार धरावं लागलं.

"तेराच्या तेरा?"

"तेराच्या तेरा."

"एक तरी कच्चं राहिलं असेल."

"नाही. मी काम नीट करतो."

बर्फ्याने डोळे पुसले, मागे गेला, आणि एका कचेरीच्या पाण्याच्या कूलरमधून काढलेला थर्मोस्टॅट घेऊन आला. टाकी बघायला स्वतः बोळात आला. दोघं म्हातारे त्या अरुंद बोळात गुडघे मुडपून समोरासमोर बसले. आधण म्हणाला, थर्मोस्टॅटची तांब्याची शेपटी, जिला पाणी तापलेलं कळतं ती, पाण्यात सोडू. बर्फ्या म्हणाला, कुणाच्या पोटात काय जातं कोण जाणे, काचेला बाहेरून चिकटव. दहा मिनिटं भांडले. बर्फ्याने बाहेरून चिकटवली. पंखा लावला, जाळीच्या झाकणावर दगड ठेवला, आणि दोघं थर्मामीटरच्या काट्याकडे बघत बसले. तेवीस. बावीस. एकवीस. आधणाने आयुष्यभर काटा वर चढताना बघून समाधान मानलं होतं. खाली उतरताना बघायची ही पहिलीच वेळ.

"लोक देव पाण्यात घालून बसतात," बायको कामावरून येता येता म्हणाली. "आमच्याकडे हे दोघं पाली घालून बसलेत."

"न्यूट," दोघंही एकदम म्हणाले.

रात्रीची गार हवा आणि सकाळच्या दोन बाटल्या मिळून काटा अठरावर टेकला. दुसऱ्या दिवशी जाडीने गांडूळ खाल्लं. नुसतं खाल्लं नाही, चिमटा ओढला. त्यानंतर तिची भूक अशी सुटली की कुंड्यांतली गांडुळं संपली आणि बायकोला वरच्या बाईच्या कुंड्या "उगाच, माती भुसभुशीत करायला" उकरायला जावं लागलं.

अक्का आली ती न सांगता, ठरल्या दिवसाच्या आधी दोन दिवस. सकाळची वेळ. आधण कामावर निघायच्या घाईत होता, हातात सामानाची पेटी. ती काठी टेकत थेट बोळात गेली. पंख्याकडे बघितलं, काचेला चिकटवलेल्या शेपटीकडे बघितलं, दगडाकडे बघितलं. काटा वाचायला डोळे बारीक केले.

"अठरा?"

"साडेसतरा," आधण म्हणाला. आवाज बारीक निघाला.

"मी लिहिलं होतं अठरा. कागद दाखव, मागच्या बाजूचं एक कलम नीट समजावून सांगायचं राहिलंय."

बायको भिंतीकडे बघायला लागली. आधणाने पेटी खाली ठेवली.

"अक्का, कागद धुतला. पहिल्याच दिवशी. आणि मी ह्यांना दोन-तीन दिवस कोमट पाण्यात ठेवलं होतं. एक पळाली पण होती. फडक्यात सापडली."

 अक्काने वाकायचा प्रयत्न केला, गुडघ्याने वाकू दिलं नाही. बायकोने बुटकं स्टूल दिलं. ती बसली, काचेला नाक लावलं, आणि बराच वेळ आत बघत राहिली. आधण सांगतो, कोंबडी अशीच बघायची.

"पाणवनस्पतीला रोग पडलाय," तो घाईने म्हणाला. "पानं मुडपायला लागलीत. मी आज सगळी काढून टाकणार होतो, नवीन आणतो—"

"हात लावशील तर काठी घालीन!"

त्याने हात पाठीमागे नेले.

"ये इकडे. वाक. तुला वाकता येतं अजून."

तो वाकला. अक्काने काठीच्या टोकाने एक पान दाखवलं. पान मधोमध दुमडलेलं होतं, पाकीट चिकटवावं तसं. आणि त्या घडीत मोहरीएवढा एक काचेचा मणी होता, मध्ये काळा ठिपका.

"जाडी काही उगाच एवढी खात नव्हती," अक्का म्हणाली. "एकेक अंडं एकेका पानात गुंडाळते मागच्या पायांनी. अकरा वर्षांत माझ्याकडे एकदाही घातलं नाही. पाणी मनासारखं गार मिळालं नसेल माझ्याकडे." हे शेवटचं तिने काचेला सांगितलं, भावाला नाही.

आधण पानं मोजायला लागला. मुडपलेली. दहा, अकरा, बारा.

"तेरा," बायको मागून म्हणाली.

कुणीच हसलं नाही. मग अक्काच हसली, आणि हसताना गुडघा दुखला म्हणून तिने गुडघा धरला, आणि धरून आणखी हसली.

"माझ्यानं आता टाकी उतरवायला-चढवायला होणार नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "इथेच राहू देत. अंडी दुसऱ्या भांड्यात काढावी लागतील, नाही तर आईबापच खातील. ते मी बसून करते, भावजय मदत करेल."

"आणि मी?"

"तू?" अक्काने त्याच्याकडे खालून वर बघितलं. "तू ह्यांना काही मदत करू नकोस. एवढं एक काम कर."

समोरून बर्फ्याने हाक मारली, काटा किती म्हणून. आधणाने तिथूनच ओरडून साडेसतरा सांगितलं, पेटी उचलली, मोठा पान्हा आहे का चाचपून बघितला, आणि निघाला. पलीकडच्या गल्लीत एका घरी गीझर सकाळपासून बंद होता आणि तिथली म्हातारी गार पाण्याने आंघोळ करायला तयार नव्हती.